कोपरा कोणाच्या हाती

मी, थिमिओस झिकोस कुरेलास, वय चौऱ्याऐंशी, धंदा दगडी बांधकामाचा, राहणार मेलिसोवुनी, तालुका कोनित्सा, आज पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही, एवढे आधी नमूद करतो. कोनित्साचा नोटरी म्हणाला, "आजोबा, सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं, तारीख घालायची, सही ठोकायची. साक्षीदार नसले तरी चालतात." हाताने लिहा म्हणायला त्याचे काय जाते! माझा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो. दिवसाला पाऊण पान होते. म्हणून या कागदाला पुष्कळ दिवस लागतील आणि अक्षर दर पानाला बिघडत जाईल. त्यावरून कोणी माझ्या डोक्याबद्दल शंका काढू नये. साक्षीदार मी तरीही घेणार. दुसऱ्याने ओळंबा लावून पाहिल्याशिवाय मी आजवर एकही भिंत पुरी झाली असे म्हटलेले नाही.

कागद आताच का लिहितो, तेही सांगतो. आमच्या खोऱ्यातले गवंडीकाम प्रशिक्षण केंद्र दोन वर्षे बंद आहे. पंधरा मार्चला अग्लाया टपालवाली सरकारी कचेरीचे पत्र घेऊन आली. त्यात लिहिले होते की, शिकायला नऊ जणांनी नावे दिली आहेत, मे महिन्यात केंद्र पुन्हा उघडता येईल, मात्र मुख्य प्रशिक्षकाचे नाव एकतीस मार्चपर्यंत कळवावे, न कळविल्यास केंद्र कायमचे रद्द समजावे. मुख्य प्रशिक्षक आजवर मी होतो. यानिनाच्या डॉक्टरने मला मे महिन्यापर्यंतचा भरवसा दिलेला नाही. म्हणजे माझ्यामागे या खोऱ्यात दगड कोण शिकवणार, हे या कागदाने ठरायचे आहे. घर, भांडी, गाद्या हे सगळे त्यापुढे किरकोळ आहे. तरी रीत म्हणून क्रमाने घेतो.

कलम १. मला माझ्या बायकोच्या, पोलिक्सेनीच्या, शेजारी पुरावे. वर संगमरवर नको, त्यात बसवलेला फोटो तर मुळीच नको. सिमेंटचा एक थेंबही लागला तर मी स्वस्थ पडणार नाही, हे पाद्रीबुवांना सांगून ठेवले आहे. नंतरच्या जेवणाला वाल शिजवावेत, माणशी एक पेला त्सिपुरोची दारू पुरे. जास्त दिली की माझ्याविषयी खोटे चांगले बोलायला लागतील.

कलम २. राहते घर, दोन मजली, दगडी पाट्यांच्या छपरासह, माझा एकुलता मुलगा लाम्ब्रोस याला द्यावे. कायद्याने अर्धे त्याला द्यावेच लागते, असे नोटरी म्हणाला. मी सगळेच देतो. उपकार म्हणून देत नाही, त्याचे माझ्याकडे येणे आहे म्हणून देतो.

हे येणे पैशाचे नाही. आमच्या गवंड्यांच्या टोळ्यांमध्ये एक चाल होती. भिंत कोणीही उभी करी, पण घराचा कोपरा फक्त मिस्त्री लावी. कोपऱ्यावर घर उभे राहते, आणि कोपरा ज्याला येतो त्याला दुसऱ्या दिवशी स्वतःची टोळी काढता येते. म्हणून कोपऱ्याचा दगड हातात घेतला की मिस्त्री शिकाऊ पोरांना सांगे, "जा रे, झऱ्यावरून पाणी आणा." पोरे परत येईतो दगड बसलेला असे, वर चुना फिरवलेला असे. माझ्या बापाने मला तेरा वर्षे पाण्याला पाठवले आणि मरायच्या आदल्या वर्षी कोपरा दाखवला. मला वाटले, शिकवायची पद्धत हीच. मी लाम्ब्रोसलाही तेच केले. तो तेराव्या वर्षी टोळीत आला. थेसलीपासून कास्तोरियापर्यंत जिथे गेलो तिथला झरा त्याला पाठ झाला.

पोलिक्सेनी म्हणायची, "अहो, पोटचा पोर आहे तो. त्याला तरी बघू द्या." मी म्हणायचो, "वेळ आली की बघेल."

वेळ यायच्या आधी तो जर्मनीला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, मी साडेपाच वर्षं तुमच्याकडे होतो. मी गवंडी नव्हतो, मी पाणक्या होतो." आज तो स्टुटगार्टजवळ काँक्रीट कालवायची गाडी चालवतो. त्यावरून मी त्याला तीस वर्षे टोमणे मारले. फोनवर पहिला प्रश्न, "काय रे, लापशी झाली का ढवळून?" तो हसायचा नाही. आता लिहितो की टोमणे मारायचा मला हक्क नव्हता. लाम्ब्रोस, चूक माझी होती. घर विकायचे असल्यास वीक, पण भिंतींना गिलावा करणाऱ्याला विकू नकोस.

कलम ३. बँकेतली शिल्लक अंत्यविधीचा खर्च जाऊन जी उरेल ती नात क्रिसान्थी हिला. ती फोनवर माझी भाषा मोडकी बोलते, पण रागावत नाही.

कलम ४. अंगण, अंगणातला मेंढ्यांचा जुना गोठा, चुन्याचे दोन्ही हौद, तसेच सर्व हत्यारे, म्हणजे हातोडे सात, छिन्न्या एकवीस, थाप्या, ओळंबे, बापाची लाकडी पाणसळ आणि परांचीचे लाकूडसामान, हे सर्व केंद्राला, केंद्र उरले तर. न उरल्यास हत्यारे कोणा सजावटवाल्याला भिंतीवर टांगायला देऊ नयेत. कोनित्सातल्या एका खाणावळीत माझ्या चुलत्याचा हातोडा टांगलेला आहे आणि त्याखाली लोक मासे खातात. मी तिथे जाणे सोडले.

केंद्र माझ्याच हट्टाने निघाले, हे लिहून ठेवायला हवे, कारण नंतर श्रेय घ्यायला पुष्कळ जण येतील. माझ्या वेळी भरती चर्चच्या अंगणात होई. लेंटच्या उपवासांआधीच्या रविवारी मिस्त्री येई, पोरांचे तळवे दाबून पाही, ज्याला घेतले त्याच्या आईचे रडणे सुरू होई आणि ज्याला नाकारले त्याच्या बापाचे तोंड आठवडाभर उतरलेले असे. दोन हजार नऊ साली मी भरतीला निघालो तेव्हा पारडे फिरले होते. कोनित्साच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मला अर्धा तास दिला. मी दगड, छिन्नी, सगळे मांडून बोललो. पहिल्या बाकावरचा एक दांडगा पोरगा उठला.

"आजोबा, तुमचे गुडघे दुखतात?"

"दुखतात."

"पाठ?"

"पाठीचं तर नावच काढू नकोस."

"मग आम्ही कशाला यायचं?"

वर्ग हसला. मी दगड आणि छिन्नी पिशवीत भरली. बाहेर एक आई भेटली. म्हणाली, "माझ्या मुलाला यायचं होतं हो, पण त्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे." मी म्हणालो, "मलाही आहे, बाई. सहासष्ट वर्षं झाली." तिला तो विनोद वाटला. पहिल्या वर्षी केंद्रात बारा खुर्च्या आणि तीन माणसे होती. एक थंडीने गेला, एक लष्करात गेला. मी तिसऱ्याला दोन वर्षे शिकवले आणि तो बेटावर वेटर झाला. भरती करून करून मी थकलो, हे खरे सांगतो. दगड उचलून इतका थकलो नव्हतो. माणसे आली ती नंतर, कामधंदे बुडाल्यावर. पस्तीस-चाळीस वयाची, हिशेबनीस, ड्रायव्हर, एक एव्हान्थिया नावाची बाई जिची बँकेतली नोकरी गेली होती. ती जिद्दीने शिकली. आताच्या नऊ नावांत तिचे पहिले आहे.

कलम ५. नाऊम द्झिमास, माझ्या बरोबरीचा, याला मी काही देत नाही. त्याने घ्यायचे ते एकोणीसशे एकसष्ट साली घेतले आहे. तेव्हा तो माझ्या टोळीत होता. थेसलीत एका चर्चचा मनोरा बांधत असताना मी त्याला पाण्याला पाठवले. हा पठ्ठ्या गेला नाही. शेजारच्या गवताच्या गंजीवर पालथा पडून त्याने माझा अख्खा कोपरा पाहिला आणि पुढच्या वसंतात स्वतःची टोळी काढली. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. कॉफीच्या दुकानात आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसतो. पंचावन्न वर्षांत आम्हाला एकमेकांचे तोंड नीट आठवत नसेल. तरी या कागदाला साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावणार आहे, कारण त्याने माझी बाजू घेतली असे कोणी म्हणू शकणार नाही.

कलम ६. कोपऱ्याचे ज्ञान.

इथे मी चार दिवस अडलो. विचार असा होता की कोपरा या कागदात लिहून ठेवावा, म्हणजे केंद्राला मिस्त्री नसला तरी वाचून काम चालेल. लिहायला बसलो. डोंगरात दगड ज्या अंगावर निजलेला होता त्याच अंगावर भिंतीत निजवावा, हे लिहिले. एक लांब दगड उजवीकडे, त्यावरचा डावीकडे, हे लिहिले. प्रत्येक दगड केसभर आत कललेला असावा, हेही लिहिले. मग वाचून पाहिले. केसभर म्हणजे किती? कोणाचा केस? दर चौथ्या थराला पोटात एक आडवा दगड जातो, तिरका, कोपऱ्यातून थेट भिंतीच्या भरावात. तो बाहेरून दिसत नाही. सगळा कोपरा त्याने धरलेला असतो, आणि पाण्याला पाठवत होतो ते हाच लपवण्यासाठी. पण तो किती तिरका, किती खोल, त्याच्याखाली चुना किती ओला, हे लेखणीला सांगता येईना. तीन पाने फाडली. शाईही सांडली.

सातव्या दिवशी, म्हणजे तेवीस मार्चला, मी ठरवले की लिहिणे बस झाले. गोठ्याचा कोपरा मी स्वतः बांधलेला आहे, बेचाळीस वर्षांपूर्वी, माझा सगळ्यात चांगला. तो उघडायचा. छपराला टेकू द्यायचे, दगड एकेक उतरवायचे, नऊही जणांना उभे करून दाखवायचे, आणि परत लावायचा. दगड उचलायला माझ्यात ताकद नव्हती. म्हणून पेट्रितला निरोप धाडला. आता पेट्रितविषयी लिहिणे आले. हे कलम मी टाळत होतो.

कलम ७. पेट्रित शेहू, वय चव्वेचाळीस.

एक्याण्णवच्या हिवाळ्यात तो सीमेपलीकडच्या देशातून डोंगर चालून आला, एकोणीस वर्षांचा, पायात दोन वेगवेगळे बूट. पोलिक्सेनीने त्याला पालकाची पिता, म्हणजे भरलेली पोळी, वाढली. त्याने अर्धी खाल्ली आणि अर्धी खिशात घातली. मी त्याला चुना कालवायला ठेवले. ब्याण्णवच्या मार्चमध्ये पहिला कोपरा आला तेव्हा मी म्हणालो, "जा, पाणी आण झऱ्यावरून."

तो म्हणाला, "मिस्त्री, अंगणात नळ आहे की."

नळ होता. दहा पावलांवर होता. मी त्याला चाल समजावून सांगितली. म्हणालो, "मी बांधत असताना मागे वळून बघायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत कोपऱ्याला हात लावायचा नाही. शब्द दे." त्याने छातीवर हात ठेवला आणि शब्द दिला. त्यांच्याकडे त्याला बेसा म्हणतात. नाऊमने शिकवलेल्या धड्यानंतर मला असाच माणूस हवा होता. त्याने बावीस वर्षे पाणी आणले. गंजीवर चढला नाही, मान वळवली नाही. उरलेल्या वेळात मी त्याला पडक्या गावांत पाठवी, कोसळायला आलेली घरे उतरवून त्यांचे दगड आणायला. केंद्र निघाल्यावर तो माझा मदतनीस झाला. शिकाऊ लोक माझ्यापेक्षा त्याचे ऐकत. मी ओरडतो, तो दाखवतो.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत केंद्राने रस्त्यावरचा बसथांबा बांधायला घेतला, दगडाचा. मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेला यानिनाला गेलो. बारा दिवसांचे पाच आठवडे झाले. पाया आणि जोते पुरे झाले तेव्हा पेट्रितचा फोन आला.

"मिस्त्री, कोपरे आलेत. लोक थांबलेत. मी लावू?"

मी म्हणालो, "नर्स आली, ठेवतो."

नर्स आलेली नव्हती. शब्दातून मोकळे कर, एवढेच तो मागत होता. एका होकाराचे काम होते. तो होकार माझ्या तोंडून निघाला नाही. कोपरा गेला की माझ्याकडे काय उरणार, असे वाटले. विसरलो होतो, असे मी नंतर सगळ्यांना सांगितले. विसरलो नव्हतो.

कचेरीतून घाई होती, उद्घाटनाची तारीख पडली होती. पेट्रितने कोपरे बाहेरून दिसतात तसे रचले, पोटातला आडवा दगड न घालता. फेब्रुवारीत बर्फ वितळले आणि रस्त्याकडचा कोपरा उघडला. खाली दोघे जण होते, एव्हान्थिया आणि आणखी एक. पेट्रितने दोघांना ढकलले. त्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. कचेरीच्या साहेबांनी मला विचारले, "या माणसाला कोपरा येत होता का?" मी म्हणालो, "मी त्याला कोपरा शिकवलेला नाही." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी पेट्रितला विचारले, "तुला येतो का?" तो हाताची पट्टी बघत म्हणाला, "नाही." वहीत शेरा पडला की पेट्रित शेहू प्रशिक्षक म्हणून अपात्र, त्याच्या अज्ञानाने अपघात. खाली मी सही केली. केंद्र बंद झाले. गावात लोक म्हणाले, बाहेरच्या माणसाच्या हाती काम दिले की असेच होणार. मी गप्प बसलो. तो मात्र दर शनिवारी येऊन माझी लाकडे फोडत राहिला, तीन बोटांच्या हाताने ओंडका धरून. मला लाज वाटत होती, आणि लाजेपोटी मी त्याच्यावर जास्त ओरडत होतो.

कलम ८. चोवीस मार्चची हकीकत. मृत्युपत्रात हकीकत बसत नाही असे नोटरी म्हणेल. म्हणू दे.

सकाळी नऊही शिकाऊ आले. टेकू लावले. मला खुर्चीत बसवले, पायावर घोंगडी. पेट्रित परांचीवर चढला. मी म्हणालो, "वरून एकेक काढ. प्रत्येक दगड मला दाखव, मी समजावतो." त्याने पहिला थर काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. मी समजावत होतो. तेवढ्यात तो मागे वळून शिकाऊंना म्हणाला, "थांबा रे. आता आडवा येईल, तिरका. जड असतो. दोघं इकडून धरा, आणि खालून हात नको."

आडवा दगड अजून दिसतही नव्हता. वर भराव होता. मी सांगितलेलेही नव्हते, ते मी शेवटी सांगणार होतो.

मी खुर्चीतून म्हणालो, "पेट्रित, खाली ये."

तो खाली आला.

"तुला कोपरा येतो?"

"हो."

"कधीपासून?"

"चौऱ्याण्णवपासून असेल."

माझे डोके फिरले. "म्हणजे तूही गंजीवर चढलास! तूही चोरलास!"

तेव्हा तोही तापला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यावर आवाज चढवला. "मी बघितलं नाही, मिस्त्री! तुम्ही बांधत असताना एकदाही बघितलं नाही. तुम्हीच मला पडकी घरं उतरवायला पाठवत होतात ना? वीस गावं उतरवली मी. कोपरा उतरवला की तो कसा चढवलाय ते दिसतंच. डोळे मिटून दगड काढू का? मी वरून खाली शिकलो. शब्द बांधताना न बघण्याचा होता."

"मग बसथांब्याला का नाही घातलास आडवा दगड?"

"दुसरा शब्दही होता. तुम्ही सांगेपर्यंत हात लावायचा नाही. मी फोन केला होता."

"चौकशीत नाही का म्हणालास?"

"येतो म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग लावला का नाहीस? मग तुमचं नाव निघालं असतं." त्याने डावा हात पुढे धरला. "दोन बोटं गेली, शब्द राहिला. ह्यात कुणाचं भलं झालं ते मला विचारू नका. मला कळत नाही."

एव्हान्थिया रडायला लागली.  मी तर संपलोच होतो. चार दिवस शाई सांडून, स्वतःचा गोठा फोडून मी जे द्यायला निघालो होतो ते त्याच्याजवळ बावीस वर्षे होते. माझ्याकडे द्यायला काही राहिलेलेच नव्हते. फक्त अडवून ठेवणे माझ्या हाती होते. मी सगळ्यांना म्हणालो, "आज काम बंद. घरी जा." दुसऱ्या दिवशी पंचवीस मार्च, सणाचा. सगळीकडे तळलेल्या माशाचा आणि लसणाचा वास येत होता. मी चहावर राहिलो आणि दिवसभर हे वरचे पान लिहिले.

कलम ९. वरील सर्व विचारात घेऊन मी पुढीलप्रमाणे लिहून देतो.

(अ) फेब्रुवारी दोन हजार चौदाचा अपघात माझ्यामुळे झाला. पेट्रित शेहू याला कोपरा पूर्ण येत होता. मी त्याला मनाई केली होती, आणि त्याने फोनवर परवानगी मागितली असता मी फोन ठेवला. चौकशीच्या वहीत माझी सही आहे ती मी मागे घेतो. हे मी वेगळ्या कागदावरही लिहिले असून अग्लाया टपालवाली तो उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने कचेरीत नेऊन देईल आणि पोच घेऊन येईल. पोस्टाच्या पेटीत टाकणार नाही, असे तिने कबूल केले आहे.

(आ) केंद्राचा मुख्य प्रशिक्षक म्हणून मी पेट्रित शेहू याचे नाव कळवीत आहे. त्याचे नाव कचेरीने नाकारल्यास कलम चारमधील अंगण, गोठा आणि हत्यारे केंद्राला न जाता थेट त्याला जावीत, त्याने आपल्या दारात शिकवावे, आणि कचेरीने रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात.

(इ) इथे शिकणाऱ्या कोणालाही, कोणत्याही दगडाच्या वेळी, कुठेही पाठवले जाऊ नये.

(ई) माझ्या या कागदातली बाकीची सगळी कलमे मी मेल्यावर लागू होतील. हे एक नववे कलम आज, सत्तावीस मार्चला, सकाळी अकरापासून लागू आहे. ते मी आधी तोंडाने बोललो आणि मग लिहिले. आज रविवार असूनही नऊ जण आले होते. नाऊम काठी टेकत आला आणि माझ्याकडे न बघता बाकावर बसला. अग्लाया आली. सकाळीच पायापर्यंत उतरवलेला कोपरा समोर होता. मी उभा राहिलो, एव्हान्थियाने मला दंडाला धरले होते, आणि मी म्हणालो, "पेट्रित, ब्याण्णव साली मी तुझ्याकडून शब्द घेतला. तो मी तुला परत देतो. मी तो तेव्हाच द्यायला हवा होता. हा कोपरा तू लाव, आणि सगळ्यांना बघू दे. मला माफ कर, असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव."

 त्याने हात पुसले. मग म्हणाला, "माफीचं मी अजून ठरवलेलं नाही, मिस्त्री. बसा तुम्ही." आणि वळून शिकाऊंना म्हणाला, "चुना कालवा रे. पातळ नको. आणि सगळे इकडे या, डाव्या बाजूला, तिथून नीट दिसतं."

मी बसलो. त्याने आडवा दगड माझ्यापेक्षा बोटभर खोल घातला. मला ओरडावेसे वाटले, ओरडलो नाही. आता दुपारचे चार वाजले आहेत. सातवा थर चालू आहे आणि मी खिडकीशी बसून हे शेवटचे लिहितो आहे. हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचले, समजले, आणि यातला एकही शब्द बदलायचा नाही.

मेलिसोवुनी, रविवार, २७ मार्च २०१६.

थिमिओस झि. कुरेलास (सही. हात माझाच आहे, थरथरतो.)

साक्षीदार:

१. अग्लाया त्सुमानी, टपाल खाते. माझ्यासमोर सही केली. पाकीट माझ्या पिशवीत आहे.

२. नाऊम द्झिमास, गवंडी, निवृत्त. सही माझ्यासमोर झाली. साक्षीदाराला कागदावर काही लिहिता येत असेल तर लिहितो: गोठ्याचा कोपरा मी स्वतः उठून तिन्ही बाजूंनी ओळंबा लावून पाहिला. सरळ आहे. एकसष्ट साली मी पाहिला होता त्याहून सरळ आहे. हे थिमिओसला मी तोंडाने सांगितले. तो म्हणाला, "दिसतंय मला." पंचावन्न वर्षांनी एवढेच बोललो.